पदक सगळ्यांचं, बंदी एकट्याची

सप्टेंबर २०२३. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेचा शेवटचा दिवस. पुरुषांच्या शंभर मीटर शर्यतीची अंतिम फेरी लागली आणि रेषेवर उभा राहिला एकच धावपटू. बाकीच्या गड्यांपैकी कुणाचे स्नायू आखडले होते, कुणी कारण सांगायच्याही भानगडीत पडलं नाही. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, म्हणजे ‘नाडा’चे अधिकारी मैदानात आलेत, ही बातमी तोवर सगळीकडे पोचली होती. स्टीपलचेसमधली एक मुलगी तर शर्यत संपली तरी थांबेना. नमुना घ्यायला आलेला अधिकारी मागे आणि ही पुढे. त्याआधी याच स्टेडियमच्या स्वच्छतागृहात पडलेल्या सिरिंजची चित्रफीत मोबाइलवर फिरून झाली होती. आणि स्पर्धा कुठली, तर राज्य पातळीची! ना तिथे टीव्हीचे कॅमेरे, ना प्रायोजकांचे फलक, ना धड प्रेक्षक.

मी खेळांचा चाहता. आकडेवारी तोंडपाठ असणाऱ्या आणि सामना हरल्यावर जेवणावरून उठणाऱ्या जमातीतला. डोपिंग, फिक्सिंग, पैसा, दडपण या सगळ्यावर आमची मतं तयार असतात, कट्ट्यावर ती आम्ही फुकट वाटतो. पण गेल्या पंचवीस वर्षांतली आपल्याकडची प्रकरणं एकापुढे एक मांडून बघितली की एक गोष्ट खटकते. खेळाडू पकडला जातो, त्याचं नाव छापून येतं, पदक जातं, नोकरी डळमळते. त्याला गोळी देणारा, तिचं बिल फाडणारा, ‘पुढच्या महिन्यात निकाल पाहिजे’ म्हणून मानेवर बसलेला, यांतल्या कुणाचंच नाव सहसा येत नाही. साप सोडून भुई धोपटायची आपली जुनी सवय खेळांतही उतरली आहे.

आधी आकडे पाहू. जागतिक संस्थेच्या, ‘वाडा’च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात ३,८६५ नमुने तपासले गेले आणि १२५ सदोष निघाले, प्रमाण ३.२ टक्के. २०२३ मध्ये ५,६०६ नमुने, प्रमाण ३.८ टक्के. २०२४ मध्ये ७,११३ नमुने, २६० सदोष, ३.६ टक्के. हजारोंनी नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वरचं. ‘चाचण्या वाढवल्या म्हणून चोर सापडताहेत’ हा अधिकाऱ्यांचा बचाव निम्मा खरा आहे. चाचण्या वाढल्यात, हे मान्य. पण २०२३ मध्येच चीननं अठ्ठावीस हजारांवर नमुने तपासले आणि टक्का ०.२ च्या आसपास राहिला. चीनच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न आहेच. त्यांच्या २३ जलतरणपटूंच्या नमुन्यांत २०२१ मध्ये एक हृदयरोगाचं औषध सापडलं होतं आणि ते प्रकरण २०२४ मध्ये बाहेर येईपर्यंत झाकून राहिलं. तरी चीनकडे बोट दाखवून आपले ३.६ टक्के कमी होत नाहीत.

आता, मुलं सुई का टोचून घेतात? ‘झटपट प्रसिद्धीचा हव्यास’ हे अग्रलेखी उत्तर मला पटत नाही. राज्य स्पर्धेत तिसरा आलेल्या पोराला कसली आलीय प्रसिद्धी? त्याला हवी असते नोकरी. रेल्वे, पोलीस, सैन्यदल, विद्युत मंडळ, नाहीतर महाराष्ट्रात खेळाडूंसाठी राखलेल्या पाच टक्के जागांपैकी एखादी. ठरावीक स्पर्धेतलं पदक म्हणजे प्रमाणपत्र, प्रमाणपत्र म्हणजे महिन्याचा पगार आणि पुढे पेन्शनची आशा. हे गणित इतकं पक्कं आहे, की काहींनी खेळायचे कष्टही घेतले नाहीत. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची बनावट प्रमाणपत्रं लावून सरकारी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं आपल्याच राज्यात उघडकीस आली. मैदानावर घाम गाळून वर सुई टोचणारा मुलगा त्यांच्या तुलनेत निदान धावतो तरी!

ती सुई कसली, हेही जरा जवळून बघण्यासारखं आहे. पुणे, ठाणे, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांत गेली काही वर्षं एक नाव पुन्हा पुन्हा येतं: मेफेंटरमाइन. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाठीच्या कण्यात भूल दिली की रुग्णाचा रक्तदाब घसरतो, तो सावरायला भूलतज्ज्ञ हे इंजेक्शन देतात. जागा त्याची ऑपरेशन थिएटरमध्ये, हात लावायचा तो डॉक्टरनं. तीच छोटी कुपी जिमच्या लॉकरमध्ये, तालमीच्या मागच्या खोलीत, भरतीच्या मैदानाबाहेर लावलेल्या मोटरसायकलच्या डिकीत सापडते. टोचली की हृदय धडधडायला लागतं, थकवा जाणवत नाही, दोन-चार फेऱ्या जास्त होतात. थकवा जाणवत नाही याचा अर्थ शरीर थकलेलं नाही असा नव्हे, हे त्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं. अशा छाप्यांत अटक होते ती किरकोळ विक्री करणाऱ्याला. घाऊक माल ज्या दुकानाच्या किंवा कंपनीच्या नावानं निघाला, तिथवर तपास गेल्याचं क्वचितच वाचायला मिळतं.

दुसरा रस्ता डब्याचा. कुस्तीत पूर्वी खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. घर कर्जात जायचं, पण पोराच्या पोटात काय जातंय ते आईला ठाऊक असायचं. आता त्या जागी प्रथिनांच्या पावडरीचा मोठा डबा आला. त्यावर इंग्रजीत बारीक छापलेलं, बऱ्याच मालाची नक्कल होते आणि नकली डब्यात नेमकं काय मिसळलंय ते मिसळणाऱ्यालाच माहीत. २०११ मध्ये भारताच्या महिला चार गुणिले चारशे मीटर रिले संघाचं असंच झालं. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आणि मग ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत सोनं जिंकलेल्या या मुली. त्यांच्यातल्या काही जणी स्टेरॉइडच्या चाचणीत दोषी ठरल्या. प्रशिक्षकानं चीनमधून आणून दिलेल्या जिनसेंगमध्ये ते होतं, असं त्यांचं म्हणणं. युक्रेनच्या त्या प्रशिक्षकाची, युरी ओगोरोदनिक यांची, हकालपट्टी झाली. मुलींवरची एक वर्षाची बंदी क्रीडा लवादानं पुढे दोन वर्षांची केली. ‘तुमच्या शरीरात जे सापडेल त्याला जबाबदार तुम्ही’ हा नियम जगभर आहे आणि तो असायलाच हवा, नाहीतर प्रत्येक जण जिनसेंगची गोष्ट सांगेल. पण राष्ट्रीय शिबिरात सरकारनं नेमलेल्या प्रशिक्षकानं हातात ठेवलेली पुडी नाकारायची, तर चौथ्या दिवशी शिबिरातून बाहेर व्हायची तयारी लागते. विशीतल्या मुलीकडून आपण तेवढ्या हिमतीची अपेक्षा करतो आणि शिबिर चालवणाऱ्या महासंघाला पत्रकार परिषदेत ‘आम्हालाही धक्का बसला’ म्हणायची मुभा देतो.

चाचणी कशी होते, हे अनेक चाहत्यांना ठाऊक नसतं, म्हणून थोडं सांगतो. शर्यत संपताच एक माणूस खेळाडूला चिकटतो आणि नमुना मिळेपर्यंत त्याला नजरेआड होऊ देत नाही. किमान नव्वद मिलिलिटर लघवी लागते. घामानं शरीर कोरडं पडलेलं असतं, त्यामुळे तास-दोन तास पाण्याच्या बाटल्या रिचवत बसावं लागतं. नमुना देताना अधिकारी समोर उभा राहून बघतो. लाज वगैरे बाहेर ठेवायची. सीलबंद पेट्यांतून पेटी खेळाडूनंच निवडायची, ‘अ’ आणि ‘ब’ बाटल्या त्यानंच भरायच्या, झाकणं त्यानंच आवळायची. हे झाकण एकाच दिशेनं फिरतं. फोडल्याशिवाय उघडत नाही. वरच्या फळीतल्या खेळाडूंना याशिवाय रोजचा एक तास आणि जागा आधी कळवून ठेवावी लागते, केव्हाही दार वाजू शकतं. बारा महिन्यांत तीनदा सापडला नाहीत, तर द्रव्य न सापडताही बंदी.

इतकी कडेकोट व्यवस्था, तरीही २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये रशियानं तिला भोक पाडलं. अक्षरशः. प्रयोगशाळेच्या भिंतीला छिद्र होतं, रात्री त्यातून नमुन्यांच्या बाटल्या पलीकडे जायच्या, गुप्तहेर खात्याची माणसं ती ‘न उघडणारी’ झाकणं उघडायची आणि सकाळपर्यंत स्वच्छ लघवी भरून बाटल्या परत. प्रयोगशाळेचे प्रमुख ग्रिगोरी रॉदचेन्कोव यांनीच पुढे अमेरिकेत जाऊन हे सांगितलं. सरकारच सामील असेल तर कुंपणच शेत खातं. आपल्याकडे असं काही नाही, पण आपलीही प्रयोगशाळा फार ताठ मानेनं उभी नव्हती. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता ‘वाडा’नं ऑगस्ट २०१९ मध्ये निलंबित केली, ती परत मिळायला डिसेंबर २०२१ उजाडला. तेवढा काळ आपले नमुने परदेशात जात होते.

यंत्रणाही चुकते, आणि तिच्या चुकीची शिक्षा कुणाला होत नाही. मणिपूरची वेटलिफ्टर संजिता चानू हिला २०१८ मध्ये टेस्टोस्टेरॉनसाठी निलंबित केलं गेलं. कागदपत्रांत नमुन्याचे क्रमांकच जुळत नव्हते. दोन वर्षांनी, २०२० मध्ये, आंतरराष्ट्रीय महासंघानं आरोप मागे घेतले. मधली दोन वर्षं कोण भरून देणार? कुणी नाही. आता हीच गोष्ट सरळ असती तर मला तिची बाजू घेऊन जोरात लिहिता आलं असतं, पण २०२२ मध्ये संजिता दुसऱ्या एका स्टेरॉइडसाठी पुन्हा दोषी आढळली आणि तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. एकच खेळाडू एकदा अन्यायाची बळी आणि एकदा दोषी. चाहत्याला अशा गोष्टी पचत नाहीत, त्याला नायक तरी हवा असतो नाहीतर खलनायक.

नरसिंग यादवच्या प्रकरणानं तर महाराष्ट्राला ही सगळी गुंतागुंत घरात आणून दाखवली. घराणं बनारसकडचं, पोरगा वाढला जोगेश्वरीत, वडिलांचा दुधाचा धंदा. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी, पोलीस खात्यात उपअधीक्षक. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्य जिंकून त्यानं रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली. त्याच गटात दोन ऑलिंपिक पदकांचा मानकरी सुशील कुमार होता. त्यानं निवड चाचणीची मागणी केली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयानं मागणी फेटाळली. लगेच जुलै २०१६ मध्ये बातमी आली: नरसिंगच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन. सोनीपतच्या शिबिरात आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते कालवलं, असं नरसिंगचं म्हणणं. ‘नाडा’च्या समितीनं ते मान्य करून १ ऑगस्टला त्याला निर्दोष ठरवलं. इकडे तालमीतालमीत पेढे वाटले गेले. ‘वाडा’ लवादाकडे गेली आणि १८ ऑगस्टला, कुस्ती उद्यावर आलेली असताना, लवादानं चार वर्षांची बंदी घातली. एकदाच पेयात मिसळलेल्या पुडीतून असं प्रमाण येत नाही, हे तज्ज्ञांचं मत लवादानं ग्राह्य धरलं आणि घातपाताचा पुरावा नाही असं म्हटलं.

मी तेव्हा नरसिंगच्या बाजूचा होतो, आजही मनातून पूर्ण सुटलेलो नाही. पण मला त्या प्रकरणात सगळ्यात जास्त काय आठवतं, तर आमची भाषणं. ‘मराठी मातीतल्या मल्लाविरुद्ध उत्तरेचा डाव’ असं आम्ही छातीठोकपणे बोलत होतो. आमच्यापैकी कुणीही तो प्रयोगशाळेचा अहवाल वाचला नव्हता. तिकडे हरियाणात तितक्याच खात्रीनं उलट बोललं जात होतं. राष्ट्रीय शिबिरातल्या स्वयंपाकघराला कुलूप का नव्हतं, अन्नावर आणि पूरक आहारावर देखरेख कुणाची होती, महासंघाचे पदाधिकारी काय करत होते, हे प्रश्न दोन्हीकडच्या गलबल्यात बुडाले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा आम्हा चाहत्यांचा एकमेव न्याय.

क्रिकेटमध्ये हा न्याय आणखी उघडा पडतो. मुंबईचा पृथ्वी शॉ फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला देशांतर्गत टी-ट्वेंटी खेळताना टर्ब्युटलीनसाठी दोषी आढळला. खोकल्याच्या औषधात असतं ते. आठ महिन्यांची बंदी झाली, तीही मागच्या तारखेपासून. ३० जुलैला जाहीर केली तोवर निम्मी उलटून गेली होती. तोवर क्रिकेट मंडळ ‘नाडा’च्या कक्षेत यायलाच तयार नव्हतं; आमचे खेळाडू, आमची चाचणी, आमचा निवाडा. दहा-बारा दिवसांत, ऑगस्ट २०१९ मध्ये, सरकारनं कान पिळला आणि मंडळानं मान तुकवली. शॉनं मुद्दाम काही घेतलं असं मला वाटत नाही. पण खोकल्याचं औषध कुस्तीगिराच्या नमुन्यात सापडतं तेव्हा आम्ही इतके समजूतदार असतो का?

आणि क्रिकेटचा खरा रोग सुईचा नाहीच, सट्ट्याचा आहे. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी टेलिफोनवरचं संभाषण पकडलं आणि दक्षिण आफ्रिकेचा देवमाणूस म्हणवला जाणारा कर्णधार हॅन्सी क्रोनिए उघडा पडला. सेंच्युरियनच्या कसोटीत डाव सोडून देण्याच्या बदल्यात त्यानं थोडे पैसे आणि एक चामडी जाकीट घेतलं होतं. जाकीट! त्या वर्षी डिसेंबरात मोहम्मद अझरुद्दीनवर आजन्म बंदी आली, ती २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवली. तेरा वर्षांनी आयपीएल. १६ मे २०१३ च्या पहाटे, वानखेडेवरचा सामना संपवून हॉटेलात परतलेले राजस्थान रॉयल्सचे तीन खेळाडू दिल्ली पोलिसांनी उचलले. त्यांत आपल्या मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण. त्याचं लग्न तोंडावर आलेलं. जामीन घेऊन बोहल्यावर चढावं लागलं. २०१५ मध्ये न्यायालयानं तिघांनाही आरोपमुक्त केलं, पण मंडळाची बंदी उठली नाही. अंकितची बंदी पुढे सात वर्षांवर आणली गेली. फिरकी गोलंदाजाच्या उमेदीची वर्षं त्यात संपली. त्याच प्रकरणात चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षं बाहेर बसले आणि मग वाजतगाजत परत आले. खेळाडूची सात वर्षं गेली, संघमालकीची दोन.

कट्ट्यावर डोपिंग आणि फिक्सिंग एकाच शिवीत बसवतात. मी ते वेगळं ठेवतो. डोपिंग करणारा जिंकायला बघतो, तो लुबाडतो शेजारच्या पट्टीत धावणाऱ्याला. जकार्ताच्या २०१८ च्या आशियाई स्पर्धेत आपला मिश्र रिले संघ बहारीनच्या मागे दुसरा आला होता. पुढे बहारीनची केमी अडेकोया दोषी ठरली आणि सोनं आपल्याकडे आलं, पण राष्ट्रगीताचा क्षण काही टपालानं येत नाही. फिक्सिंग करणारा हरायचे पैसे घेतो, तो लुबाडतो प्रेक्षकाला. म्हणूनच फिक्सिंगवर आम्ही पेटून उठतो आणि डोपिंगवर खांदे उडवतो. एकात आमचा खिसा कापला जातो, दुसऱ्यात आमचा झेंडा वर जातो. कायद्याला मात्र आमच्या खिशाचीही फिकीर नाही. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं तिथल्या लीगमधल्या फिक्सिंगचा खटला रद्द केला. खेळाडूनं केलेलं फिक्सिंग हा दंडसंहितेतल्या फसवणुकीचा गुन्हा होत नाही, कारण तिकीट प्रेक्षक आपखुशीनं काढतो. शिस्तभंगाची कारवाई मंडळानं करावी, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्याच्या अंगानं ते बरोबरच असेल. पावसात तीन तास रांगेत उभं राहून तिकीट काढणाऱ्याला ते समजावून सांगायला जाऊ नका.

पैशाबद्दल मात्र माझं मत चारचौघांसारखं नाही. ‘पैशानं खेळ नासवला’ हे वाक्य मला ऐकवत नाही. आयपीएलचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले, याचं मला काही वाईट वाटत नाही. जो खेळतो त्याला मिळू दे. पैसा नसतानाचे दिवस काय सोन्याचे होते? १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्याला आपण आज भारावून टाळ्या वाजवतो, पण तो त्या वेळच्या व्यवस्थेचा नाकर्तेपणा होता. बिघाड पैशात नाही, तो कधी मिळतो यात आहे. आपल्याकडे पैसा पदकानंतर येतो, आणि एकदम येतो. हरियाणात ऑलिंपिक सुवर्णाला सहा कोटी, रौप्याला चार, कांस्याला अडीच. पॅरिसला २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं नेमबाजीत कांस्य जिंकलं, तेव्हा खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. दोन महिन्यांत त्याच्या वडिलांनी जाहीर तक्रार केली: महाराष्ट्राचे दोन कोटी हरियाणाच्या मानानं कमी. लोक त्यांच्यावर तुटून पडले, हावरट म्हणाले. पण पोराच्या रायफलीपायी आणि काडतुसांपायी घरानं आधी किती वर्षं खर्च सोसला, ते टीका करणाऱ्यांनी विचारलं नाही. चौथ्या आलेल्या नेमबाजाच्या घरी त्या दिवशी कुणी फिरकतही नाही. तिसरा आणि चौथा यांच्यात केसाएवढं अंतर आणि बक्षिसात कोटींचं, असा सौदा मांडला की मधल्या जागेत सुई शिरणारच.

दडपण म्हणतात ते हेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या मॅट विभागाच्या अंतिम कुस्तीत पंचांनी शिवराज राक्षेची पाठ टेकल्याचा निर्णय दिला. तो त्याला मान्य नव्हता. हुज्जत वाढली आणि दोन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या या मल्लानं पंचांना लाथ मारली. तीन वर्षांच्या निलंबनाची घोषणा झाली. लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्या दिवशी काय-काय पणाला होतं ते बघा: गदा, थार गाडी, वर्षभराच्या मैदानांतला भाव, आणि हजारो लोकांच्या हातातले मोबाइल. शिवाय राज्यात कुस्तीच्या दोन संघटना, दोन ‘महाराष्ट्र केसरी’, पंचांवर कुणाचाच भरवसा नाही. पदाधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षं मुरवलेलं पाणी एका पायाच्या फटक्यानं बाहेर आलं, आणि निलंबित झाला तो पाय. पॅरिसला अंतिम कुस्तीच्या दिवशी विनेश फोगाटचं वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं, तेव्हाही रात्रभर व्यायाम, सौना, केस कापणं हे सगळं तिच्याच शरीरावर चाललं होतं. सकाळी मात्र देशभर वजनकाट्याचे तज्ज्ञ उगवले.

या दडपणातला आमचा वाटा आम्हाला मोजावा लागेल. २०२४ च्या आयपीएलमध्ये रोहित शर्माच्या जागी मुंबई इंडियन्सचा कर्णधार झाला म्हणून वानखेडेवर आम्हीच हार्दिक पंड्याची हुर्यो उडवली. घरचं मैदान, घरचा संघ आणि घरचेच लोक टोमणे मारताहेत. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. तीन महिन्यांत त्यानं विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक टाकून चषक आणला आणि त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. गर्दी तीच, गळे तेच. हे बघणाऱ्या अठरा वर्षांच्या खेळाडूनं काय शिकावं? जिंकलास तर आमचा, नाहीतर चालता हो.

यावर एक शहाणपणाचा आव आणणारं उत्तर अलीकडे कानावर येतं: सगळ्यांनाच घेऊ द्या, मग सगळे समान. या कल्पनेवर ‘एन्हान्स्ड गेम्स’ नावाची स्पर्धाच २०२६ साठी लास व्हेगासमध्ये जाहीर झाली. तिच्या समर्थकांनी पूर्व जर्मनीचा इतिहास वाचावा. तिथे सरकारी योजनेखाली कोवळ्या मुलींना निळ्या गोळ्या जीवनसत्त्व म्हणून दिल्या जात. गोळाफेकीत १९८६ ची युरोप विजेती ठरलेली हायडी क्रीगर त्यांतलीच. शरीर इतकं बदललं, की तिनं पुढे लिंगबदल करून आंद्रेआस हे नाव घेतलं. आपण कोण आहोत हे ठरवण्याचा हक्कच त्या गोळ्यांनी हिरावला, अशी त्यांची कैफियत आहे. मोकळीक दिली की गोळी ऐच्छिक राहत नाही. ज्याला ती नको त्याच्यासाठी खेळाचं दार बंद होतं, एवढाच त्या समानतेचा अर्थ.

मग करायचं काय? बंदी ढिली करा असं मी म्हणणार नाही. दोषी खेळाडूला शिक्षा व्हावी, नामवंत धावपटू दुती चंद असो की कुणी नवखी. पण चौकशी तिथे थांबू नये. खेळाडू सापडला की त्याचा प्रशिक्षक, फिजिओ, अकादमी आणि औषधाचं दुकान यांची चौकशी आपोआप सुरू व्हावी. २०२२ मध्ये आपण उत्तेजकविरोधी कायदा केला, २०२५ मध्ये सुधारला. तुरुंगाची भाषा अधूनमधून होते. ती खेळाडूसाठी नको, पुरवठादारासाठी हवी. एकाच प्रशिक्षकाचे दोन-तीन शिष्य सापडले तर त्याचा परवाना जावा, आणि एकाच संघटनेचे ढिगानं सापडले तर तिचं अनुदान थांबावं. गोव्यातल्या २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पंचविसाच्या आसपास खेळाडू दोषी निघाले. त्या स्पर्धेत आपण २२८ पदकं घेऊन पहिले आलो म्हणून महाराष्ट्रात फटाके वाजले. दोषींची बातमी आतल्या पानावर. बक्षिसाच्या रकमेतला निम्मा भाग पदकाआधीच्या चार वर्षांत, पहिल्या वीस-पंचवीस जणांत वाटला गेला तर सुईची ओढ किती कमी होईल हे करून बघण्यासारखं आहे. अहमदाबादला २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा मिळाली आहे, २०३६ च्या ऑलिंपिकसाठी आपण दावेदार आहोत. पाहुणे घरात येतील तेव्हा स्वच्छतागृहही बघतील.

सरकार आणि महासंघ हे करतील तेव्हा करतील. तुमचा मुलगा किंवा मुलगी अकादमीत, तालमीत जात असेल, तर आज एवढं करा. घरात आलेल्या पावडरीच्या डब्याचं बिल मागा, त्यावरची बारीक अक्षरं वाचा. ‘नाडा’चं ‘नो युअर मेडिसिन’ नावाचं अॅप आहे; खोकल्याचं औषधसुद्धा त्यात तपासून मगच द्या. आणि ‘काय आहे ते विचारू नकोस, नुसतं घे’ असं सांगणारा वस्ताद असेल, तर तालीम बदला.